नजमुन्निसाची वजरी

"बरकतभाई, लक्ष्मी झाली का आमची?"

"झाली, झाली. काच बसवली की झाली."

असं सांगणाऱ्या बरकतचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि त्या हातात काच नव्हती, दगड होता. गिऱ्हाईक पायरीवर ताटकळत उभं. पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेटीतला दगड बोटभर डावीकडे सरकला. बरकत मागे आला, मान तिरकी करून बघत राहिला, नाराज झाला आणि दगड होता तिथं परत नेऊन ठेवला. गिऱ्हाइकानं कपाळाला हात लावला आणि "संध्याकाळी येतो" म्हणून ते गेलं. संध्याकाळीही लक्ष्मी झालेली नसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पिंपरीच्या रेल्वे फाटकाजवळ बरकतचं तसबिरींचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढची खोली, मागच्या खोलीत संसार. औषधांच्या सरकारी कारखान्याचं बांधकाम तेव्हा जोरात चाललं होतं. साताऱ्याकडून, नगरकडून, कोकणातून माणसं येत होती आणि येताना ट्रंकेत आपापला देव गुंडाळून आणत होती. खोली मिळाली की आधी भिंतीत खिळा, खिळ्याला तसबीर, आणि मग बायकोला बोलावणं, असा तेव्हाचा रिवाज होता. हे सगळे देव बरकतच्या हाताखालून जात. खंडोबा, दत्त, जोतिबा, कुणाची यल्लम्मा. सिंधी निर्वासित आले तेव्हा त्यांचा माशावर बसलेला झुलेलालही आला. बरकत पाच वेळा नाही तरी तीन वेळा नमाज पढणारा माणूस. देवांना काच घालण्यात त्याची हयात चालली होती आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

फक्त ती पेटी वेगळी होती. तिच्यासमोर कुणी हात जोडत नव्हतं, आणि म्हणूनच ती त्याला आवडायची.

पेटीचं वेड त्याला लागलं ते मुंबईत. काच आणायला गेला होता, तेव्हा कुणीतरी त्याला चौपाटीवरचं नवं मत्स्यालय दाखवायला नेलं. लोक माशांकडे बघत होते, पोरांना वर उचलून दाखवत होते. हा मात्र खाली तळाकडे बघत राहिला. तिथं चार दगड होते, दगडांच्या फटीतून गवत उगवलं होतं, आणि पाण्यानं ते सगळं जरासं वाकवलं होतं. कोणी काही मागायला येत नाही, अशी एक जागा. घरी आल्यावर त्यानं हे नजमुन्निसाला सांगायचा प्रयत्न केला. तिनं विचारलं, "मासे कसे होते?" त्याला एकही मासा आठवेना.

कारखान्याच्या खिडक्यांचं काचकाम त्याच्याकडे होतं. त्यातली एक जाड काच कोपऱ्याला टवका उडून बाद झाली, ती मुकादमानं त्याला देऊन टाकली. लोहाराकडून लोखंडी सांगाडा आला, काचेच्या सांध्यांत जवसाच्या तेलात मळलेली लांबी भरून झाली, आणि पेटी उभी राहिली. पहिल्याच आठवड्यात ती गळली. नजमुन्निसा फडक्यानं जमीन पुसता पुसता म्हणाली, "छप्पर गळत होतं तेवढं पुरत नव्हतं का जी?"

नजमुन्निसा घरात दखनी बोलायची आणि दारात मराठी. जीभ दोन्हीकडे सारखीच चालायची. त्यानं पहिल्यांदा मधोमध दगडांचा ढीग रचला, तेव्हा ती बघून म्हणाली, "ये क्या जी, कबर बांधे?" त्याला राग आला, पण तिचं खरंच होतं. ढीग मोडला. मग पायऱ्या झाल्या, मग किल्ला झाला. किल्ल्यात तर अगदी दरवाजा वगैरे होता. तोही मोडला.

हळूहळू त्याला एकेक गोष्ट कळत गेली. वाळू मागे चढती ठेवली की पेटी खोल वाटते. मोठा दगड मधोमध ठेवला की तो बसल्यासारखा दिसतो, जरा एका बाजूला घेतला की उभा राहिल्यासारखा. दगडांवरच्या रेघा सगळ्या एकाच दिशेला झुकवल्या, तर वाटतं, पाण्यानंच वर्षानुवर्षं घासून त्यांना तसं केलंय. पवनेतून आणलेलं लांब पातीचं पाणगवत मागे, बारीक पानांचं पुढे. एकदा पाणी हिरवंगार झालं, अगदी सरबत. एकदा गवत कुजलं. त्यानं पुन्हा लावलं. हिवतापवाल्यांनी विहिरीत डासांसाठी गप्पी मासे सोडले होते, त्यातले चारदोन त्यानं आणून सोडले, तेही पाण्यात कोणीतरी राहतं असावं एवढ्यासाठी.

शेवटी सहा दगड जागेवर बसले. पण उजव्या अंगाला काहीतरी कमी होतं. शुक्रवारी दुकान बंद ठेवून तो नदी ओलांडून काळेवाडीच्या अंगाला जायचा आणि धोतरवाल्या शेतकऱ्यांच्या देखत दगड उलटेपालटे करून बघायचा. वेडा म्हणून त्याचं नाव पलीकडच्या काठालाही झालं.

दगड सापडला तो घरातच. नजमुन्निसाची वजरी. न्हाणीत टाचा घासायला ठेवलेला, काळा, भोकाभोकांचा, मुठीएवढा दगड. तिची आंघोळ व्हायच्या आत त्यानं तो उचलला आणि पेटीत ठेवला.

"आता टाचा काय तुमच्या दाढीनं घासू?" ती ओरडत बाहेर आली, पेटीकडे बघितलं, मान तिरकी करून पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "अब बरोबर है."

त्या दिवसापासून दुपार कलली की दोघं दुकानात पेटीसमोर बसू लागली. उतरतं ऊन दारातून थेट पाण्यात शिरायचं आणि गवताच्या सावल्या भिंतीवरच्या देवांच्या काचांवर हलत राहायच्या. घरात मूल नव्हतं. त्याबद्दलचं बोलणं कधीच संपलं होतं, आणि ते संपल्यावर दोघांत बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. आता पेटीबद्दल बोलणं असे. गवताला नवी पात आली, मोठ्या दगडावर शेवाळ धरलं, एवढंच. पण ते दोघांचं होतं.

मग एके दिवशी सोजराबाई आल्या.

सोजराबाई पिंपरीतल्या जुन्या घरातल्या. बरकत या गावात नवीन आला तेव्हा त्याला पहिला आसरा मिळाला तो त्यांच्या गोठ्यात. त्यामुळे तो त्यांना काकी म्हणायचा, आणि त्या त्याला अरेतुरे करायच्या. नदीकाठी त्यांच्या मळ्याच्या टोकाला उंबराखाली साती आसरांचं, पाण्यातल्या सात देवींचं, ठाणं होतं. सात दगड, त्यांना शेंदूर. घरात बाळंतपण असो की पोराला ताप, दहीभात तिथं जायचा. पुढे मळा कारखान्याच्या हद्दीत गेला, उंबर पडला, आणि गावच्याच दौलतरावांनी कंत्राटाच्या लाऱ्यांतून राडारोडा आणून त्या जागी ओतला. दगड त्याखाली गेले ते गेलेच. सोजराबाईंची सून शालन त्यानंतर दोनदा बाळंत झाली आणि दोन्ही वेळा पाळणा रिकामा राहिला. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. सोजराबाईंच्या मनात त्याचा नि याचा संबंध पक्का होता.

त्या आल्या होत्या नवऱ्याच्या फोटोला चौकट करायला. फोटो बरकतच्या हातात देता देता त्यांची नजर पेटीवर गेली. बोटानं हवेत मोजत त्या पुढे झाल्या, पुन्हा मोजलं, आणि डोक्यावर पदर ओढून मटकन पायरीवर बसल्या.

"आसरा हितं व्हय! आन आमी सारी नदी धुंडाळली."

बरकतला आधी काही कळेनाच. कळलं तेव्हा तो हसला. "काकी, नुसतं दगड हायत ते. मी काळेवाडीच्या अंगानं आणल्यात."

"मंग? पानी त्येच न्हवं?"

"अवो पण मी मांडल्यात. ह्या हातानं."

"सातच का मांडलंस? कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. सहा बरं दिसंना, म्हणून."

"बरं दिसंना!" सोजराबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. "आसरांनी दिसू दिलं न्हाई म्हनून दिसंना, बाबा."

आतून नजमुन्निसा बाहेर आली. "मावशी, अवो त्यातली एक तर माझी—" बरकतनं तिच्या तोंडावर हात ठेवला. पुढे आयुष्यभर तिनं त्याला विचारलं, तेव्हा मला का बोलू दिलं नाहीत म्हणून. त्यानं सोजराबाईंचा चेहरा बघितला होता, एवढंच त्याचं उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या शालनला घेऊन आल्या. बरकत पुढे होईपर्यंत मूठभर हळद पाण्यात गेलीसुद्धा. पाठोपाठ कुंकू, झेंडूच्या पाकळ्या, हिरव्या बांगड्या, दहीभात. पेटीत पिवळंजर्द गढूळ पाणी हललं आणि दगड दिसेनासे झाले. शालननं जड अंगानं वाकून नमस्कार केला. बरकतनं दिवसभर बादल्यांनी पाणी बदललं. दुसऱ्या सकाळी गप्पी मासे पोट वर करून तरंगत होते.

तो रडला. मोठा माणूस, पण माशांसाठी रडला. मासे आपल्याला आवडत नाहीत, असं आजवर तोच सांगत आला होता.

बातमी गावभर झाली. मंगळवारी, शुक्रवारी बायका येऊ लागल्या. त्यानं पेटीपुढे ताट ठेवलं, म्हणाला, यात वाहा. बायकांनी ताटात वाहिलं आणि पाण्यातही वाहिलं. "आत गेल्याबगार पोचंल कसं?" एकीनं त्यालाच विचारलं. गवत कुजलं. पाण्याला वास सुटला. वाळूवर तांदळाचा थर बसला. कधी तो साफ करायला पेटीत हात घालायला गेला, तर पायरीवरून आवाज यायचा, "बरकतभाई, आंघूळ केली का न्हाई?" आपल्याच घरात, आपल्याच पाण्यात हात घालायला तो चोरासारखा इकडे तिकडे बघू लागला.

देव काय, दिवसाला दहा त्याच्या हातून घडत होते. त्यांचं त्याला काही नव्हतं, ते लोकांचेच होते. हे मात्र त्याचं होतं. "बाकी सगळं घ्या ना," तो नजमुन्निसाला म्हणाला, "एवढं एक माझं असू द्या, एवढंच म्हणतोय मी."

"मग वजरी काढा," ती म्हणाली. "सहा राहिले की आसरा गेल्या. दगडाचे दगड."

इतकी साधी गोष्ट त्याला सुचली नव्हती. त्यानं पहाटे वजरी काढली, पेटी घासली, वाळू धुतली, नवं पाणगवत लावलं. उजव्या अंगाला पुन्हा ते कमीपण आलं, पण पाणी नितळ होतं. कित्येक दिवसांनी ऊन आरपार गेलं.

त्या दिवशी शालन एकटीच आली. दिवस भरत आले होते, पाय सुजले होते, पायरी चढताना तिनं चौकटीचा आधार घेतला. बरकत आत पुठ्ठा कापत होता. तिनं सवयीनं बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना ओठ हलायचे थांबले. पोटावर दोन्ही हात ठेवून हळूच खाली बसली आणि म्हणाली, "एक गेली."

बरकत कात्री हातात धरून तसाच उभा. सांगावं, की बाई, मी काढली. सांगावं, की तो टाच घासायचा दगड आहे.

नजमुन्निसा आतून आली. तिच्या हातात वजरी होती. तिनं पदरानं ती पुसली आणि बाही वर न करताच हात पाण्यात घालून होती त्या जागी ठेवून दिली.

"धुवायला काढलेली मी, शालन. लई शेवाळ धरलेलं. बघ, हायत ना सगळ्या?"

शालननं मोजलं. आणि मग मात्र ती हुंदके देऊन रडली. नजमुन्निसा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तिची ओली बाही शालनच्या लुगड्याला लागत राहिली.

शालन गेल्यावर बरकत म्हणाला, "तूच म्हणालीस काढा. आन तूच ठेवलीस."

"ठेवली."

"आता हे कधी माझं होणार नाही."

"पोरीचं तोंड बघवलं नाही मला," नजमुन्निसा म्हणाली. "तुम्हाला बघवलं?"

त्याला बघवलं नव्हतं. पण म्हणून वाईट वाटायचं काही कमी झालं नाही. चांगुलपणानं केलेलं नुकसान भरून कोण देणार?

शालनला मुलगा झाला. धडधाकट, काळासावळा, गल्ली डोक्यावर घेणारा. मग काय विचारता! आसरांचा गुण आला. चिंचवडहून, आकुर्डीहून बायका चालत येऊ लागल्या. आणि बायका जिथं जमतात तिथं पुढारी किती दिवस लांब राहणार? एक दिवस ताशा-सनई घेऊन दौलतराव दारात उभे राहिले. अंगात परीटघडीचं जाकीट, मागे गाव.

"बरकतभाई, गावची देवी अशी दुकानात बरी दिसत न्हाई. नदीकाठी चौथरा बांधलाय आमी. वर पत्रं टाकल्यात."

"दौलतराव, तिची जागा होती की नदीकाठाला," नजमुन्निसा आतून म्हणाली. "तुमच्याच लाऱ्यांनी बुजवली ना?"

लोक चपापले. दौलतराव मात्र हसले. अशी माणसं अशा वेळी हसतात, म्हणूनच ती पुढे जातात. "भाभी, त्येचंच प्रायश्चित्त समजा."

बरकतनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाला, "पेटीसकट न्या. पाण्यासकट. मांडलंय तसं राहू द्या."

"पानी कशाला? शेंदूर कसा धरंल पान्यात?"

दौलतरावांच्या दोघा माणसांनी पेटीत हात घातले. मोठा दगड निघाला तशी मागची वाळू घसरली, गवत मुळासकट वर आलं, पाणी गढूळ झालं. एकेक दगड नव्या कोऱ्या खणात गुंडाळून पाटीत गेला. वजरीलाही खण मिळाला. नजमुन्निसा ते बघत होती, पण हसली नाही. दौलतरावांनी बरकतच्या हातात नारळ दिला, खांद्यावर उपरणं टाकलं. "भाग्याचा हायस. देवीनं तुज्या हातनं काम करून घेतलं." काम करून घेणारे सगळे असंच म्हणतात. वाजंत्री निघाली, फाटक ओलांडून आवाज लांब गेला. दुकानात गढूळ पाण्याची पेटी राहिली.

पुढे कधीतरी नजमुन्निसा म्हणाली, "नदीत दगडांना तोटा नाही. पुन्हा मांडा."

"मांडीन," तो म्हणाला, "आन पुन्हा कुणीतरी येऊन मोजंल."

तो दिलेल्या वेळेला तसबिरी देऊ लागला. गिऱ्हाइकं खूश झाली. दुपारी ऊन आलं की दार लोटून घेऊ लागला.

नातवाचं जावळ आसरांपुढे काढायचं ठरलं, तेव्हा सोजराबाई स्वतः आमंत्रण द्यायला आल्या. "दोगंबी या. तुमी न्हाई आला तर कसं?" जावं की न जावं यावर बरकत दोन दिवस घुटमळला. खरं सांगायचं तर त्याला दगड बघायचे होते. कसे ठेवलेत, एवढंच बघायचं होतं.

चौथरा सिमेंटचा होता. दगड एका रांगेत, सारख्या अंतरावर, निम्मे सिमेंटात पुरलेले. शेंदराचा थर इतका जाड, की रेघा कुठल्या आणि झुकाव कुठला, काही कळत नव्हतं. मोठा दगड भिंतीकडे तोंड करून बसवला होता. एवढा एक तरी फिरवायला हवा, असं बरकतच्या मनात आलं आणि मनाच्या आधी हात पुढे झाला.

"आरं, आरं! हात नगं लावूस, बरकत!" सोजराबाई कडेवरच्या नातवासकट लगबगीनं पुढे आल्या. आवाजात राग नव्हता, उलट थोडी लाजच होती. "प्रतिष्ठा झालीया आता. दौलतरावांनी नेम घातल्यात. तू लांबनं बघ, बाबा."

बरकतनं हात मागे घेतला. भोवती बायका होत्या, शालन होती, न्हावी वस्तरा पाजळत होता.

"किती लांबनं, काकी?"

असा प्रश्न सोजराबाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. त्या गोंधळल्या. त्यांनी चौथऱ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि मग पलीकडे बोट केलं.

"त्या बाभळीपाशी उभं ऱ्हावा. सावली बी हाय थितं."

बरकत आणि नजमुन्निसा बाभळीखाली जाऊन उभी राहिली. तिथून सात दगड वेगवेगळे दिसत नव्हते, तांबडा पट्टा तेवढा दिसत होता. सावली होती खरी, पण खाली काटे पडले होते, म्हणून प्रसाद येईपर्यंत दोघं उभीच राहिली.